अपग्रेडनंतर डेटाबेस सुरू होईना? आधी लॉग वाचा

म्हसळ्यासारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या पतसंस्थेचा, दवाखान्याचा किंवा दुकानाचा सगळा हिशेब ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर असू शकतो. अपग्रेडनंतर त्यावरचा डेटाबेस सुरू झाला नाही, की काउंटरवरचे काम थांबते. माणगावहून किंवा पनवेलहून जाणकार येईपर्यंत धीर धरवत नाही आणि खरे नुकसान या घाईत होते. म्हणून हे चार गैरसमज आधीच दूर झालेले बरे.

गैरसमज: सर्व्हर सुरू होत नाही, म्हणजे डेटा गेला.
वस्तुस्थिती: बहुतेक वेळा डेटा जागच्या जागी असतो. पोस्टग्रेस 15 वरून 16 वर गेलात, तर नवा सर्व्हर डेटा फोल्डरमधली ‘पीजी_व्हर्जन’ फाइल वाचतो. तिच्यात 15 दिसले, की डेटा आपल्या आवृत्तीशी जुळत नाही एवढे लॉगमध्ये लिहून तो थांबतो. तुमच्या डेटाला तो हात लावत नाही. जुना डेटा ‘पीजी_अपग्रेड’ने किंवा डम्प काढून नव्या आवृत्तीत आणावा लागतो.

गैरसमज: काढून पुन्हा इन्स्टॉल केले, की चालेल.
वस्तुस्थिती: दोष अनेकदा जुन्या सेटिंगमध्ये असतो. मायएसक्यूएल 8.0 मधून क्वेरी कॅश काढून टाकली आहे. कॉन्फिग फाइलमध्ये ‘क्वेरी_कॅश_साइज’ची ओळ तशीच राहिली, तर ‘अननोन व्हेरिएबल’ असे लॉगमध्ये नोंदवून सर्व्हर बंद होतो. तीच फाइल ठेवून कितीदाही इन्स्टॉल करा, अडचण तीच येईल. अडचण एवढीच असेल, तर ती ओळ काढल्यावर सर्व्हर सुरू होतो.

गैरसमज: डेटा फोल्डरमधल्या लॉगच्या फाइली उडवल्या तरी चालतात.
वस्तुस्थिती: पोस्टग्रेसच्या ‘पीजी_वॉल’ फोल्डरमधल्या फाइली म्हणजे व्यवहारांची रोजवही. वीज अचानक गेली, तर मुख्य फाइलींत न पोहोचलेले व्यवहार सर्व्हर त्यांच्यावरूनच पूर्ण करतो. पूर्वी या फोल्डरच्या नावात ‘लॉग’ होते आणि लोक ते साधे लॉग समजून पुसत. म्हणून 2017 मध्ये, दहाव्या आवृत्तीत, नावच बदलले गेले. मायएसक्यूएलच्या ‘आयबी_लॉगफाइल’चेही काम असेच.

गैरसमज: नाहीच जमले, तर जुनी आवृत्ती परत टाकू.
वस्तुस्थिती: मायएसक्यूएल 8.0 ने एकदा डेटा बदलून घेतला, की तो 5.7 ला वाचता येत नाही. परतीची वाट अपग्रेडपूर्वीच्या बॅकअपमधूनच जाते. तो बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नका. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-म्हसळ्यात छपरे उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. बॅकअपची एक प्रत गावाबाहेर हवीच.

म्हणून क्रम असा ठेवा: सर्व्हर बंद असतानाच डेटा फोल्डरची पूर्ण प्रत काढा, लॉगमधली शेवटची ‘एरर’ किंवा ‘फेटल’ची ओळ वाचा आणि एका वेळी एकच बदल करा. जाणकाराला फोन केलात, तर तीच ओळ जशीच्या तशी वाचून दाखवा.