पटावरचे नाव : किशोरवयीन मातांच्या शिक्षणाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयाला किशोरवय म्हणते, आणि या वयात गरोदर असलेल्या किंवा आई झालेल्या मुलींचा उल्लेख लोकसंख्येच्या अभ्यासात किशोरवयीन माता असा केला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 19 वयोगटातील 7.6 टक्के मुली पाहणीच्या वेळी गरोदर होत्या किंवा आई झालेल्या होत्या, तर देशाची सरासरी 6.8 टक्के होती. महाराष्ट्र शिक्षणात पुढारलेला असल्याने हा प्रश्न इतर राज्यांचा आहे, ही समजूत या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावसारख्या, स्वतःची नगरपरिषद आणि मोठी बाजारपेठ असलेल्या, ऊसपट्ट्यातील सुस्थित गावालाही तो परका नाही, कारण गळीत हंगामात या परिसरातील फडांवर बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांबरोबर शाळकरी वयाच्या सुनाही येतात.

गरोदर राहिल्यामुळे मुलीची शाळा सुटते, असे सर्रास मानले जाते. पुष्कळदा क्रम नेमका उलटा असतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम त्या कोयत्यावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. हंगामाचे चार-पाच महिने वयात आलेल्या मुलीला गावी एकटे ठेवण्याची भीती आणि लग्न झाल्यास मिळणारी नव्या जोडीची उचल, या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. आधी हजेरी तुटते, मग लग्न ठरते आणि बाळंतपण त्यानंतर येते. त्याच सर्वेक्षणानुसार देशात अजिबात शाळा न शिकलेल्या 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये मातृत्वाचे प्रमाण सुमारे 18 टक्के, तर बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांमध्ये सुमारे 4 टक्के होते. म्हणून सलग गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या घरी शिक्षकाने वेळेवर टाकलेली फेरी हीच या प्रश्नावरची सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाययोजना ठरते.

विवाहित किंवा गरोदर मुलीला शाळेत ठेवता येत नाही, हा समज तर शिक्षकांमध्येही आढळतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. परंतु या कायद्याचे संरक्षण 6 ते 14 या वयापुरते आहे आणि हा प्रसंग बहुतेक मुलींवर नववी ते बारावीच्या टप्प्यात येतो, ही त्याची खरी मर्यादा होय. तरीही त्यापुढच्या वर्गांतून विवाह किंवा गरोदरपण या कारणावरून मुलीला काढण्याचा अधिकार शाळेला कोणत्याही नियमाने दिलेला नाही. प्रत्यक्षात तिला कोणी काढतही नाही. दीर्घ गैरहजेरीच्या नोंदीखाली नाव पटावरून निघून जाते, दाखला तयार होतो, आणि शाळेच्या आधारावर मिळणारा एसटीचा मोफत पासही त्याबरोबर जातो. ही कारवाई इतकी निःशब्द असते की ती कोणाचा निर्णय होता, हे विचारायलाही कोणी उरत नाही. वास्तविक वैद्यकीय कारणाने कमी पडलेली हजेरी क्षमापित करण्याची तरतूद आहे, आणि बाळंतपण हे वैद्यकीय कारण नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. मुख्याध्यापकांनी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह प्रस्ताव वेळेत पाठवला पाहिजे, एवढेच. लग्नानंतर नाव बदलावे लागते ही धास्तीही निराधार आहे, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरमधील माहेरच्या नावाने परीक्षा देता येते.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज कायद्याच्या धाकातून जन्मतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्यानुसार, म्हणजे पोक्सोनुसार, 18 वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे आणि तो माहीत असलेल्या प्रत्येकावर तो कळवण्याचे बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या इंडिपेंडंट थॉट निकालानंतर 15 ते 18 वयाच्या पत्नीच्या बाबतीतही पतीला सूट उरलेली नाही. यावरून काही शाळा असा अर्थ काढतात की अशी मुलगी पटावर नसलेलीच बरी. हा अर्थ चुकीचा आहे, कारण नाव काढल्याने कळवण्याची जबाबदारी संपत नाही आणि नाव ठेवल्याने कोणताही गुन्हा घडत नाही. कळवल्यानंतर पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला माहिती द्यायची असते. बाल न्याय कायद्याखालील ही जिल्हास्तरीय समिती मुलीचा निवारा, आरोग्य आणि शिक्षण यांचा विचार करण्यासाठीच आहे, आणि 1098 या क्रमांकावरूनही तिच्यापर्यंत पोहोचता येते. मुलीची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने 23 मे 2025 रोजी, अल्पवयात आई झालेल्या मुलीच्या दहावीपर्यंतच्या आणि तिची इच्छा असल्यास पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा, असा निर्देश दिला; यंत्रणेने तिला वेळेवर आधार दिला नाही, ही त्यामागची जाणीव होती. कायद्याचा रोख कुठे असावा, हे त्यातून स्पष्ट होते.

एकदा शाळा सुटली की दार बंद झाले, हेही खरे नाही. पहिला पर्याय त्याच शाळेत पुन्हा प्रवेश हाच असावा. बाहेरून परीक्षा देण्याचा सल्ला घाईने देणे म्हणजे सभ्य शब्दांत केलेली हकालपट्टी ठरू शकते. पुन्हा प्रवेश शक्य नसेल तेव्हा राज्य मंडळाचा 17 नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थिनी म्हणून दहावीला बसता येते, ज्यासाठी पाचवी उत्तीर्ण असणे पुरते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय सोडवत जाता येते, आणि तान्हे मूल असलेल्या मुलीला ही सवड फार उपयोगी पडते. अडते ते कागदाशी. 17 नंबरचा अर्ज परीक्षेच्या कित्येक महिने आधी भरावा लागतो, त्याला मूळ दाखला लागतो, आणि दाखला बहुधा माहेरच्या गावच्या शाळेत असतो, तर मुलगी सासरी किंवा वडगावजवळच्या फडावर पालात असते. तो दाखला आणून देणारे माणूस मिळाले, तर तिचे वर्ष वाचते.

अशा मुलीला वर्गात बसू दिले तर इतर मुली बिघडतील, या समजुतीवर काही देशांनी धोरणेच उभारली होती. सिएरा लिओनने गरोदर विद्यार्थिनींवरील बंदी 2020 मध्ये आणि टांझानियाने 2021 मध्ये उठवली; जमैकात मात्र 1978 पासून वुमेन्स सेंटर ही संस्था गरोदर मुलींचे शिक्षण चालू ठेवून त्यांना पुन्हा नेहमीच्या शाळेत पाठवत आली आहे.

आई झालेली मुलगी अभ्यास करूच शकत नाही, या मताला उत्तर म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतले जाते, आणि कोल्हापूरला ते विशेष जवळचे आहे. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत बाळाचा मृत्यू, आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियातून वैद्यकीय पदवी, असा त्यांचा प्रवास. कोल्हापूर संस्थानाने त्यांची नेमणूक आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर केली होती. मात्र 1887 च्या फेब्रुवारीत, एकविसाव्या वर्षीच, त्या गेल्या. या उदाहरणावरून जिद्द असली की सारे जमते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्यामागे पतीचा आग्रह आणि परदेशातील हितचिंतकांचा आधार होता, आणि तरीही शरीराने साथ दिली नाही.

किशोरवयात गरोदरपणी झटके येणे, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होणे यांचा धोका विशीतल्या मातांपेक्षा अधिक असतो, म्हणून तपासण्या चुकवता येत नाहीत. पण गुंतागुंत नसेल तर गरोदरपण म्हणजे अंथरुणावर पडून राहणे नव्हे, आणि वर्गात बसल्याने बाळाला अपाय होत नाही. स्तनपानाची अडचण खरी आहे, पण ती सोडवता येण्याजोगी आहे. दहावीची लेखी परीक्षा सकाळी अकराला सुरू होते आणि मोठा पेपर तीन तासांचा असतो. मुलीने निघण्यापूर्वी बाळाला पाजले आणि उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या वाटीत दूध काढून ठेवले, तर ते साध्या खोलीत सुमारे चार तास चांगले राहते. एवढ्या वेळात आजी किंवा जाऊ ते वाटी-चमच्याने पाजू शकते. केंद्र दूर असेल तर बाळाला घेऊन सोबत आलेल्या बाईला आवारात सावलीची जागा आणि पेपर सुटताच पाजण्यासाठी एक रिकामी खोली लागते. केंद्रसंचालकाला हे आदल्या दिवशी सांगितलेले असावे.