नुकसान आपले, दावा सरकारचा

मंडळी, नांदगावात आखाताचा विषय निघाला की कुणाचा ना कुणाचा भाऊ, मामा तिकडे निघतोच. म्हणून युद्धानंतरच्या भरपाईचा विचार आपण कुवेतपासून करू.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळले. दीड लाखाच्या वर भारतीय तिथे होते. नोकरी गेली, पगार थकला, खोलीतले सामान खोलीतच राहिले. पुढे सुरक्षा परिषदेच्या ६८७ क्रमांकाच्या ठरावाने इराकला जबाबदार धरले आणि जिनिव्हात भरपाई आयोग बसला. पण तिथे माणसाने स्वतः अर्ज करायची सोय नव्हती. दावे सरकारने गोळा करून पाठवायचे. यामागे जुनी समजूत आहे: परक्या राष्ट्राने नागरिकाला केलेली इजा ही त्याच्या राष्ट्रालाच झालेली इजा. ऐकायला बरे वाटते. पण बघा हं, दावा राष्ट्राचा झाला की तो सोडून देण्याचा अधिकारही राष्ट्राकडेच गेला.

आणि आपण तो सोडलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या तहावर भारताने सही केली नाही. ९ जून १९५२ ला जपानशी वेगळा तह केला. त्याच्या सहाव्या कलमाने भरपाई सोडली, आणि मालमत्ता परत मिळण्यासारख्या तरतुदी वगळता भारतीय नागरिकांचे युद्धकाळातले दावेही सोडले. जपानला बरोबरीचा मान मिळावा ही नेहरूंची भूमिका आम्हाला आजही उदात्त वाटते. पण औदार्य ज्याचे त्याने दाखवावे. जपानी अंमलात अंदमानात ज्यांची माणसे मेली, त्यांचा दावाही त्या कलमात गेला.

कुवेतच्या वेळी धोरण उलटे होते. सरकारने दावे पुढे नेले. आयोगानेही शहाणपण दाखवले. देश सोडावा लागलेल्यांच्या ‘अ’ वर्गात नुकसानीचा हिशोब मागितला नाही, निघाल्याचा पुरावा पुरे. पळताना पावत्या कोण गोळा करतो? एकट्याला २,५०० डॉलर. बाकीचे दावे सोडले तर ४,०००. कुटुंबाला दुप्पट. कंपन्यांचा आणि सरकारांचा नंबर मागून. प्रक्रियाखर्च म्हणून सरकारला यातले दीड टक्क्यापर्यंत कापायची मुभा होती.

पैसा आला इराकच्या तेलातून, सुरुवातीला उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे निर्बंधांमुळे औषधालाही महाग झालेल्या इराकी माणसाच्या ताटातूनच. कुवेतवर चाल करताना सद्दामने त्याला कुठे विचारले होते? शेवटचा हप्ता चुकता झाला जानेवारी २०२२ मध्ये, सद्दामला फाशी होऊन पंधरा वर्षे उलटल्यावर.