'सर, मग दुसरा कोण?'

गेल्या भीमजयंतीला आम्ही मराठवाड्यातील एका शाळेत वक्ते म्हणून गेलो होतो. फळ्यावर रंगीत खडूने लिहिले होते : 'कोलंबिया विद्यापीठाच्या जगातील 100 विद्वानांच्या यादीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या क्रमांकावर.' भाषणे झाली, टाळ्या झाल्या. आभाराच्या वेळी नववीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, मग दुसरा कोण?"

सरांना उत्तर देता आले नाही. आम्हालाही नाही. कारण तशी क्रमवारी नाहीच.

खरी गोष्ट अशी. कोलंबिया विद्यापीठाची स्थापना 1754 ची. 2004 मध्ये अडीचशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा विद्यापीठाने, काळाच्या पुढे राहिलेल्या आपल्या माणसांची नावे प्रसिद्ध केली. त्यांत बाबासाहेबांचे नाव सन्मानाने आहे, पण पहिला-दुसरा असा क्रम तिथे कोणालाच दिलेला नाही. त्याच विद्यापीठाने 5 जून 1952 रोजी बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. एवढे सत्य हाताशी असताना आपण मोबाइलवर फिरणारा मजकूर फळ्यावर उतरवतो! उद्या हीच मुलगी एखाद्या वक्तृत्व स्पर्धेत किंवा नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य बोलेल आणि समोरचा माणूस एका मिनिटात ते खोडून काढेल. बाबासाहेबांचे त्यात काही बिघडणार नाही, पण पोरीचे तोंड मात्र कायमचे मिटेल. आणि ज्यांना बाबासाहेब नकोच आहेत, त्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल.

सर आळशी नव्हेत, हे आम्ही मुद्दाम सांगतो. ते म्हणाले, "मी इंटरनेटवर शोधून पाहिले होते. वीस ठिकाणी तेच लिहिलेले सापडले." दोष नेमका इथे आहे. एकाने लिहिले आणि एकोणीस जणांनी उतरवले, तर ते वीस पुरावे होत नाहीत. साधे सर्च इंजिन तुम्ही विचारलेले शब्द कुठे कुठे आहेत ते दाखवते. ते शब्द खरे की खोटे, हे ठरवणे त्याचे काम नाही. ते काम मास्तरांचे आहे.

मग मास्तरांनी कुठे शोधावे? पहिले नाव गुगल स्कॉलरचे घ्यावे लागते. 2004 मध्ये ते सुरू झाले. फुकट आहे, आणि बातम्या-जाहिरातींचा पाचोळा बाजूला सारून शोधनिबंध, पुस्तके, प्रबंध दाखवते. उजव्या बाजूला पीडीएफची खूण असेल तर लेख फुकट उघडतो. पण त्याचीही एक खोड आहे. ज्या लेखाचा इतरांनी जास्त उल्लेख केला, तो त्याच्या यादीत वर जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे इंग्रजीत आणि मोठ्या विद्यापीठांत लिहिणारे आधी दिसतात, मराठीत लिहिणारा आपला कार्यकर्ता-अभ्यासक खाली कुठेतरी गाडलेला राहतो. शिवाय पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही तिथे सुखाने नांदतात. तिथे सापडले म्हणजे तपासले गेले, असे समजू नये. आणि कंपनीच्या दयेवर फार विसंबूही नये. मायक्रोसॉफ्टनेही असेच एक शोधयंत्र चालवले होते, 2021 च्या अखेरीस ते बंद करून टाकले. कामाचा लेख सापडला की तो उतरवून ठेवावा, हे बरे.

बाबासाहेबांविषयी शिकवायचे असेल, तर मात्र आधी मूळ ग्रंथ उघडावेत. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले इंग्रजी 'लेखन आणि भाषणे' खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात आहेत. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हे 1936 चे भाषण कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टिपांसह वाचता येते. कोणी बाबासाहेबांच्या नावाने वाक्य पाठवले, की खंड कोणता आणि पान कोणते, एवढेच विचारावे. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

शोधताना शब्द कोणता टाकावा, हीसुद्धा विद्याच आहे, आणि ती डी.एड., बी.एड.ला आम्हाला तरी कोणी शिकवली नाही. गोलमेज परिषदेच्या काळातील इंग्रजी कागदपत्रांत 'दलित' शब्द टाकून शोधाल तर हाती फारसे लागणार नाही. सरकारदरबारी तेव्हा 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत, आणि 1935 च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द रूढ केला. ज्या काळातले शोधायचे त्या काळाचाच शब्द हवा. तसेच महाडच्या चवदार तळ्याचे. इंग्रजीत 'चवदार' कोणी 'चवडर' वाचावे असे लिहितो, कोणी 'चौदार', तर कोणी 'चावदार'. एका स्पेलिंगवर थांबलात तर निम्मे साहित्य हुकले. आणि जुनी मराठी वर्तमानपत्रे तर पुष्कळदा नुसते फोटो काढून चढवलेली असतात. त्यांतील अक्षरे यंत्राला वाचताच येत नाहीत. तिथे पान पान उलटावे लागते. यंत्राने 'काही सापडले नाही' म्हटले, म्हणून ते घडलेच नाही असे नव्हे. ज्यांचा इतिहास लिहिलाच गेला नाही, त्यांनी तरी हे विसरू नये.

मराठीतून शोधायचे तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे 'शोधगंगा' पाहावे. पीएच.डी.चे प्रबंध तिथे प्रकरणवार, फुकट मिळतात. मराठी शाहिरी, जलसे, स्थलांतर, वसतिगृहे असे विषय मराठी शीर्षकांनी सापडतात. दर्जा सारखा नाही, हे खरे. काही प्रबंध एकमेकांची सावली वाटतात. म्हणून आम्ही आधी शेवटची संदर्भसूची पाहतो. तिथे मूळ कागदपत्रे असली, तर पुढे वाचतो. नोंदींसाठी मराठी विश्वकोश आहेच.

वर्गात कसे शिकवावे, यावर अमेरिकेच्या शिक्षण खात्याचे 'एरिक' हे 1966 पासूनचे भांडार आहे. त्यात तज्ज्ञांनी तपासलेले लेख वेगळे काढता येतात. फक्त तिथला प्रयोग कोणत्या वर्गात झाला, ते पाहून घ्यावे. एका खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या आपल्या गुरुजींना तो जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना विचारण्याची सवय लागली आहे. ही यंत्रे कधी कधी लेखकाचे नाव, वर्ष, पान यांसह अस्तित्वातच नसलेला संदर्भ बनवून देतात. त्यांनी दिलेला संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय फळ्यावर जाता कामा नये.

आता मुख्य तक्रार. मास्तरांना एवढा उपदेश केल्यावर हा प्रश्न विचारलाच पाहिजे : चांगले लेख वाचायला त्यांना मिळतात का? 'जेस्टोर'वर नाव नोंदवले तर महिन्याला शंभर लेख पडद्यावर फुकट वाचता येतात, ही सोय बरी आहे. पण बहुतेक मोठ्या नियतकालिकांपुढे पैशाचे कुलूप असते. केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 रोजी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके; 1 जानेवारी 2025 पासून ती सुरू झाली. पैसा जनतेचा, पण दार उघडले ते सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांनाच. जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळेच्या, नगरपालिकेच्या शाळेतला शिक्षक दाराबाहेरच उभा आहे. आपली मुले तर त्याच शाळांत बसतात.

शिक्षक संघटना वेतन आयोगासाठी मोर्चे काढतात, जुन्या पेन्शनसाठी काढतात. काढावेतच. त्या निवेदनात शाळाशिक्षकांना या योजनेत घ्या, ही एक ओळ घालायला कागद वाढत नाही. त्या शाळेतील सरांना आम्ही हेच सांगितले. ते म्हणाले, "निवेदन मी लिहितो. पण त्या पोरीला सोमवारी काय सांगू?" आम्ही म्हटले, 2004 ची ती यादी तिच्यासोबत बसूनच उघडा.