चढाईला टाळ्या, पण सामना फिरतो पकडीवर! शेजारच्या गावाविरुद्ध कबड्डीत नेमकं काय चुकतं?

उंबरमाळी (ता. शहापूर) : भाताची कापणी-झोडणी उरकली की शहापूर-मुरबाडच्या गावांत कबड्डीची मैदानं आखली जातात. चुन्याच्या रेषा, बांबूला बांधलेले दिवे, माईकवर समालोचन आणि मैदानाभोवती दाटीवाटीने बसलेलं गाव. उंबरमाळी, खर्डी, कसारा असो की डोळखांब, किन्हवली, सरळगाव, टोकावडे. हिवाळ्यातली रात्र कबड्डीची असते.

लांबच्या संघाकडून हरलं तर दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. शेजारच्या गावाकडून किंवा पलीकडच्या पाड्याकडून हरलं तर मात्र वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. बाजारात, लग्नात, लोकलच्या डब्यात, सगळीकडे तोच विषय. आणि अशा पराभवानंतर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आपल्याकडे रेडरच नाही." मग पुढच्या वर्षी वर्गणी काढून बाहेरचा चढाईपटू शोधला जातो.

दुखणं बहुतेक वेळा वेगळंच असतं. अटीतटीच्या सामन्यात फरक पडतो तो समोरच्या मुख्य चढाईपटूला कोण जास्त वेळ मैदानाबाहेर बसवतं यावर. म्हणजेच पकडीवर.

एका पकडीचा हिशेब

गुणफलकावर पकडीचा एकच गुण दिसतो. प्रत्यक्षात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. आपल्याला गुण मिळतो, आपला बाद झालेला एक खेळाडू आत येतो आणि समोरचा चढाईपटू बाहेर जातो.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बाहेर गेलेला खेळाडू आपोआप परत येत नाही. त्याच्या संघाने गडी टिपला किंवा पकड केली तरच एक खेळाडू आत येतो, आणि तोही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. बोनस गुणावर कुणीही आत येत नाही. म्हणून समोरच्या संघाचा मुख्य रेडर पकडला आणि नंतर त्यांना नुसते बोनस मिळू दिले, तर त्यांचा गुणफलक हलतो पण रेडर बाहेरच बसून राहतो.

आता वेळ पाहा. एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. सामन्याची शेवटची तीन मिनिटं उरली असतील तर साधारण सहा चढाया होणार, दोन्ही संघांना तीन-तीन. त्या वेळी समोरचा मुख्य रेडर बाहेर असेल तर त्यांच्या तीन चढाया दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या पोरांना कराव्या लागतात. दोन गुणांची आघाडी अशा वेळी पाच गुणांसारखी वाटते.

उलट हिशेबही तितकाच खरा आहे. घाईत पकडीला गेलं, साखळी तुटली आणि रेडर तीन गडी टिपून मध्यरेषेवर पोहोचला, तर समोरच्यांना तीन गुण मिळतात आणि त्यांचे बाहेर बसलेले तीन खेळाडू आत येतात. पकड सामना जिंकून देते तशी चुकीची पकड सामना घालवतेही.

ओळखीचा रेडर, ओळखीची चाल

शेजारच्या गावाचा रेडर नवा नसतो. तो डावीकडून शिरतो की उजवीकडून, हात मारतो की पाय, बोनसला कधी जातो, सगळं दोन्ही गावांतल्या लहान पोरांनाही ठाऊक असतं. त्यामुळे अशा सामन्यात चढाईचे गुण सहज मिळत नाहीत. दोन्हीकडून रिकाम्या चढाया वाढतात, गुणसंख्या कमी राहते आणि दोन-तीन पकडींवर निकाल लागतो.

त्यात गर्दीचा आवाज असतो. मागच्या वर्षीचा वचपा काढायचा असतो. कोपऱ्यावरचा पोरगा पहिल्या पाच मिनिटांतच एकटा उडी मारतो, कारण गाव ओरडत असतं. हुशार रेडर याचीच वाट पाहतो. त्यामुळे अशा सामन्यात बचावफळीचा संयम आधी सुटतो की चढाईपटूचा, हाच खरा प्रश्न असतो.

मोठ्या मैदानावर काय झालं?

यू मुंबा आणि पुणेरी पलटण यांच्या लढतीला प्रो कबड्डीत 'महाराष्ट्र डर्बी' म्हणतात. या दोन्ही संघांचा इतिहास पाहिला तरी बचावाचं वजन कळतं. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि यू मुंबाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली. २०१५ मध्ये विजेतेपदही मिळवलं. त्या संघात अनुप कुमारसारखा चढाईपटू होता, पण दोन कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर ही जोडी उभी होती. त्यांच्या मदतीला जीवा कुमार आणि आपल्या मुंबईचा विशाल माने होते.

पुणेरी पलटणला पहिलं विजेतेपद मिळायला २०२४ साल उजाडलं. दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. त्या हंगामात चढाईत सर्वाधिक २७६ गुण घेणारा आशू मलिक दबंग दिल्लीचा होता आणि त्याचा संघ अंतिम फेरीतही नव्हता. पकडीत सर्वाधिक ९९ गुण घेणारा इराणचा मोहम्मदरेझा शादलू मात्र पुण्याकडून खेळत होता. पुण्याने त्याच्यासाठी लिलावात २ कोटी ३५ लाख रुपये मोजले होते.

पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला. २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत अंतिम सामना झाला. समोरच्या पटणा पायरेट्सकडे त्या हंगामात चढाईचे ३०१ गुण घेणारा देवांक दलाल होता. हरियाणाने पटणाला २३ गुणांवर रोखलं आणि ३२-२३ असा सामना जिंकला.

त्याआधीचा २०१८ सालचा जकार्तामधला पराभव कबड्डीप्रेमी विसरलेले नाहीत. १९९० पासून आशियाई स्पर्धेत पुरुष कबड्डीचं प्रत्येक सुवर्णपदक भारताकडे होतं. उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. भारताकडे नावाजलेले चढाईपटू होते, तरी इराणच्या बचावापुढे पूर्ण सामन्यात १८ गुणच झाले.

दबाव म्हणजे अंगावर धावून जाणं नव्हे

गावच्या मैदानात बचाव म्हणजे ताकद असा समज असतो. ताकद लागतेच, पण जागा जास्त महत्त्वाची.

पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते आणि तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत १.७५ मीटर जागा उरते. म्हणजे रेडर बोनसला पाय टाकतो तेव्हा तो घरापासून पावणेपाच मीटर लांब असतो आणि त्याचा एक पाय हवेत असतो. कोपरारक्षकाची वेळ हीच. रेडर निदान रेषेच्या अलीकडे नाचत असताना त्याच्यावर झेप घेतली तर तो एका उडीत मध्यरेषा गाठतो.

कामाची वाटणीही ठरलेली हवी. कोपऱ्यावरचा खेळाडू घोटा किंवा मांडी धरतो. त्याच्या शेजारचा, म्हणजे 'इन'चा खेळाडू, लगेच कंबरेला जातो. कव्हरचे खेळाडू रेडरवर नव्हे, तर तो आणि मध्यरेषा यांच्या मधल्या वाटेवर जातात. घोटा धरलेला रेडर पुढे झेपावतोच. त्याचा हात रेषेला लागू न देणं हे कव्हरचं काम. बऱ्याच पकडी इथेच सुटतात, कारण कोपरा गेला आणि बाकीचे बघत राहिले. एक गेला की सगळ्यांनी जायचं, हा बचावाचा पहिला नियम.

रेडर डावखुरा असेल किंवा त्याची एक बाजू पक्की असेल, तर साखळी त्या बाजूला अर्धं पाऊल आधीच सरकवून ठेवता येते. मग त्याला नको असलेल्या बाजूने शिरावं लागतं. हाच दबाव. यात अंगाला हातही लागलेला नसतो.

तिसरी चढाई आणि तीन खेळाडू

प्रो कबड्डीत आणि आता अनेक स्पर्धांत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी निर्णायक असते. त्या चढाईत गुण मिळाला नाही तर रेडर बाद. ज्या संघाची साखळी पक्की आहे तो पहिल्या दोन चढायांत मागे राहतो, बोनसचा पाय तेवढा जपतो आणि तिसऱ्या चढाईला रेडरला आत येऊ देतो. तेव्हा घाई रेडरला असते, बचावाला नाही.

मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेल्या पकडीला एक जादा गुण मिळतो. ती अव्वल पकड. अशा वेळी बोनसही नसतो, कारण बोनससाठी समोर किमान सहा खेळाडू लागतात. रेडरला गडी टिपायलाच आत यावं लागतं. तीन जण उरले म्हणून हातपाय गाळणारा संघ लोण घेऊन बसतो आणि लोणचे दोन गुण वेगळे जातात. तिघांनी आधी ठरवून ठेवलं असेल, तर तीच चढाई दोन गुण देऊन जाते.

दोन्ही नियम आपल्या स्पर्धेत लागू आहेत का, हे कर्णधाराने सामन्याआधी पंचांना विचारून घेतलेलं बरं. वाद मैदानात घालण्यापेक्षा आधी मिटतो.

सराव कुठे कमी पडतो?

रेडरला एक-दोन मित्र मिळाले तरी सराव होतो. साखळीला तसं चालत नाही. कोपरा, इन, कव्हर हे रोज एकत्र उभे राहिले तरच एकाची हालचाल दुसऱ्याला न बघता कळते. इथली बरीच पोरं कसारा लोकलने कल्याणकडे कामाला जातात. कुणी आसनगावच्या कंपनीत, कुणी भिवंडीच्या गोदामात पाळीवर असतं. सातही जण एका संध्याकाळी मैदानावर येणं अवघड होतं. मग स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात संघ जमतो आणि चढाया तेवढ्या घोटल्या जातात.

सात जण जमत नसतील तर कोपरा आणि त्याच्या शेजारचा इन या जोड्या तरी कायम ठेवता येतात. दोघांनी आठवड्यातून तीन दिवस एकत्र सराव केला तरी फरक दिसतो. बाहेरून आणलेला रेडर एका रात्रीत संघात बसतो. बाहेरून आणलेला कोपरा बसत नाही, कारण शेजारच्याची सवय विकत मिळत नाही.

पोरांच्या पुढच्या वाटेचाही विचार आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत प्राविण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ठरवून दिलेल्या स्पर्धांतली कामगिरी त्यासाठी लागते. निवड चाचणीला चढाईपटूंची रांग लांब असते. चांगला कोपरा आणि चांगला कव्हर मात्र प्रत्येक संघाला हवा असतो.

रागात पकड नको

चुरशीच्या सामन्यात दुखापती जास्त होतात, त्याही पकडीच्या वेळी. पकड हातापायाला किंवा धडाला करायची असते. गळा, केस, कपडे धरणं आणि पायांची कैची घालणं नियमात बसत नाही. पंच हिरवं कार्ड दाखवून ताकीद देतात, पिवळ्या कार्डावर दोन मिनिटं बाहेर बसवतात आणि लाल कार्डावर खेळाडू सामन्यातून जातो. दोन मिनिटं एक कोपरा रिकामा राहिला तर आधी मिळवलेली आघाडी तिथेच संपते. कडक जमिनीवर गुडघा मुरगळला तर नुकसान सामन्याचं नसतं, पुढच्या कामाच्या दिवसांचं असतं.

संघाने ध्यानात ठेवावं

• समोरच्या मुख्य रेडरची पक्की बाजू आधी हेरून साखळी कशी उभी करायची ते ठरवावं.
• पहिल्या पाच मिनिटांत एकट्याने उडी नको.
• मुख्य रेडर बाहेर असताना साधा गडी देऊ नये. बोनस गेला तरी चालेल.
• तीन खेळाडू उरले की कोण आधी जाणार, हे सामन्यापूर्वी ठरलेलं असावं.
• शेवटच्या तीन मिनिटांत किती चढाया उरल्या, हे राखीव खेळाडूंपैकी एकाने मोजत राहावं.

यंदा शेजारच्या गावाशी सामना ठरला असेल, तर बाहेरचा रेडर शोधायच्या आधी आपले दोन कोपरे कोण, हे ठरवून त्यांना आजपासूनच मैदानावर उतरवलेलं बरं.