फवारा आला, औषध पोचलं का?

मागच्या व्याख्यानात आपण हेत्वाभास पाहिले. ते संपल्यावर एका बाईंनी प्रश्न विचारला, तो मी आजसाठी राखून ठेवला होता. त्यांच्या यजमानांना दमा आहे. पंप न्हाणीघराच्या फळीवर असतो, दाबला की फवारा व्यवस्थित येतो, पण हल्ली धाप बसत नाही. 'फवारा येतोय म्हणजे औषध आहेच ना?' असं त्यांनी विचारलं. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा, त्यामुळे औषधोपचार सांगणार नाही. पण त्यांच्या या 'म्हणजे'बद्दल बोलायचा अधिकार मला थोडाफार आहे.

नैयायिकांचं उदाहरण आठवा. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. उलटं मात्र चालत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. अनुमान करताना आपण विसरतो अशी ही जी लपलेली अट, तिला उपाधी म्हणतात. पंपाच्या बाबतीतही लपलेली अट आहे आणि गंमत म्हणजे तीही ओलीशीच संबंधित आहे. फक्त इथे अट कोरडेपणाची आहे.

पंपाच्या डबीत असतं काय? बहुतेक जागा दाबाने द्रव झालेल्या वायूची. औषध त्यात अगदी थोडं. साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या पंपात ते विरघळलेलं नसतं, बारीक भुकटीच्या रूपात तरंगत असतं. म्हणून तर हलवून घ्यायचं. हे कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे राहिले तर फुप्फुसात उतरतात. मोठे झाले की घशावर आदळतात आणि गिळले जातात. कणाचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, म्हणजे 'थोडासाच मोठा झाला' असं म्हणायची सोय नाही.

आता ओल शिरली तर? कण एकमेकांना चिकटतात. काही अंशी विरघळून पुन्हा स्फटिक होताना ते वाढतात. काही डबीच्या भिंतीला नाहीतर झडपेला धरून बसतात. दाबल्यावर आवाज तोच, थंडगार फवाराही तोच. फुप्फुसात जायचा भाग मात्र कमी झालेला. काही पंपांत औषध अल्कोहोलच्या मदतीने विरघळवलेलं असतं, त्यांचं गणित वेगळं. ते आज सोडून देऊ.

तुम्ही म्हणाल, डबीत एवढा दाब असताना बाहेरची ओल आत जाईलच कशी? मलाही हे बरेच दिवस पटत नव्हतं. आजच्या बऱ्याच पंपांतला वायू म्हणजे एचएफए-१३४ए. २० अंश तापमानाला त्याचा दाब वातावरणाच्या साडेपाच पटींहून थोडा जास्त असतो. सायकलच्या ट्यूबला भोक पडलं तर हवा बाहेरच येते, आत जात नाही. पण इथे भोक नाहीये. इथे झडपेतलं रबर आहे आणि रबरातून वाफेचे रेणू हळूहळू झिरपतात. असं झिरपताना प्रत्येक वायू फक्त स्वतःच्या दाबाचा हिशेब पाहतो, बरं का. पाण्याची वाफ बाहेर जास्त आणि आत जवळजवळ नाही, म्हणून ती आत जाणार. दुसऱ्या वायूचा दाब किती आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. दिवसांत नाही, पण महिन्यांत फरक पडतो. कोकणातल्या पावसाळ्यात आणि न्हाणीघराच्या फळीवर ही घाई वाढते.

यात थोडा इतिहासही आहे. असा पहिला पंप १९५६ मध्ये अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजने आणला. त्यात सीएफसी वायू होते. ओझोनसाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला, सीएफसी हळूहळू गेले, एचएफए आले. निर्णय योग्यच होता. पण नवा वायू पाण्याला पूर्वीच्यापेक्षा कितीतरी जास्त सामावून घेतो. म्हणून काही पंप ओल शोषणाऱ्या पुडीसकट धातूच्या पातळ पाकिटात येतात आणि पाकीट फोडल्यावर किती महिन्यांत वापरायचा हे पत्रकात छापलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो.

डबी पाण्यात तरंगवून औषध किती उरलं ते पाहायची जुनी युक्ती अजून घरोघर चालते. ती सोडा. नव्या पंपांत तिच्यावरून काही कळत नाही आणि पाणी झडपेत अडकून बसतं. शिवाय ठरलेले, समजा २००, फवारे संपले तरी वायू उरतो, फवारा येत राहतो, आणि त्यात औषध किती याचा भरवसा नसतो. धूर आहे, अग्नीचा पत्ता नाही! मोजणी आकड्यांनीच करायची.

प्लॅस्टिकचा भाग धुवायचा असेल तर पत्रकात सांगितलं असेल तसाच. धातूची डबी भिजवायची नाही आणि धुतलेला भाग रात्रभर वाळू द्यायचा. ओल्या भोकाशी औषध साचतं. आणि कॅप्सूल घालून ओढायची रोटाकॅप ही वेगळी वस्तू. तिथे भुकटी उघडीच असते, त्यामुळे यंत्रात उच्छ्वास सोडला तरी ती दमट होते. एकाचे नियम दुसऱ्याला लावू नका.

त्या बाईंना मी विचारलं, पाकीट कधी फोडलं होतं? त्यांना आठवेना. यजमानांना आधी डॉक्टरांकडे न्या, म्हटलं, कारण धाप न बसायला दमा वाढणं हेही कारण असू शकतं, आणि मनाने फवारे वाढवू नका. नवा पंप उघडाल त्या दिवशी त्याच्या प्लॅस्टिकवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. आता प्रश्न घेऊ. मागे कोणीतरी हात वर केलाय.