पोर्टेबल एसी: सारा खेळ नळीचा

पोर्टेबल एसी म्हणजे चाकांवर उभे राहणारे, कमरेइतक्या उंचीचे आणि साधारण २५ ते ३५ किलो वजनाचे वातानुकूलन यंत्र. खिडकीच्या एसीत किंवा स्प्लिटमध्ये जे भाग असतात, तेच यातही असतात. कॉम्प्रेसर, हवा थंड करणारी कॉइल, उष्णता सोडणारी कॉइल, पंखे आणि बंद नळ्यांतून फिरणारा गॅस. फरक आहे तो मांडणीचा. स्प्लिटचा कॉम्प्रेसर घराबाहेर बसवलेला असतो, खिडकीच्या एसीची पाठ बाहेर असते. पोर्टेबल एसीचा मात्र सगळा संसार खोलीतच. बाहेर जाते ती फक्त १३ ते १५ सेंटिमीटर व्यासाची, भात्यासारखी ताणता येणारी प्लॅस्टिकची नळी. या यंत्राचे बहुतेक गुणदोष त्या नळीपाशी येऊन थांबतात.

उष्णता जाते कुठे?

कोणताही एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो. फ्रिजचे दार उघडे ठेवले म्हणून स्वयंपाकघर थंड होत नाही, उलट तापते. आतून शोषलेली उष्णता फ्रिजच्या पाठीमागून परत त्याच खोलीत येते आणि तिच्यात मोटरने खाल्लेल्या विजेची भर पडते. नळी न लावता चालवलेल्या पोर्टेबल एसीची गत हीच. समोरून गार झुळूक, पाठीमागून गरम लोट आणि तासाभराने खोली आधीपेक्षा उबदार.

दुकानात पारख करतानाही हीच खूण उपयोगी पडते. ‘मिनी एसी’ किंवा ‘पर्सनल एसी’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांत वरून पाणी ओतायचे असते आणि गरम हवा बाहेर नेणारी नळी नसतेच. ते एसी नव्हेत, कूलर आहेत. कूलर वाईट असतो असे नाही. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचे किंवा गवताचे पडदे लावलेला कूलर कमी विजेत हवा चांगलीच गार करतो, कारण कोरडी हवा पाणी भराभर पिते आणि त्या बाष्पीभवनात उष्णता खर्च होते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीची हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. तिथे कूलर चिकचिक वाढवतो, गारवा फारसा देत नाही.

एक नळी की दोन?

बहुतेक पोर्टेबल एसी एका नळीचे असतात. गरम कॉइल थंड ठेवण्यासाठी ते खोलीतलीच हवा ओढतात आणि ती तापवून बाहेर फेकतात. जितकी हवा बाहेर गेली तितकी कुठून तरी आत यावीच लागते. ती दाराखालून, खिडकीच्या सांध्यांतून, बाथरूमच्या जाळीतून आत शिरते, आणि ती असते बाहेरची तापलेली हवा.

हिशेब मांडला की गोष्ट स्पष्ट होते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. नळीतून तासाला ३०० घनमीटर हवा बाहेर जात असेल, तर खोलीतली सगळी हवा तासाला जवळजवळ नऊ वेळा बदलते. बाहेर ३८ अंश आणि आत २६ अंश असताना एवढी हवा थंड करायला सुमारे १.१ किलोवॅट क्षमता लागते. एक टनाच्या यंत्राची पूर्ण क्षमताच ३.५ किलोवॅट असते. म्हणजे जवळपास एक तृतीयांश ताकद यंत्राने स्वतःच आत ओढलेल्या हवेवर खर्ची पडते. किनारपट्टीवर त्यात ओलाव्याची भर पडते. ३३ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या एक किलो हवेत सुमारे २० ग्रॅम बाष्प असते. ते वेगळे काढण्यातही क्षमता जाते.

दोन नळ्यांच्या यंत्रात एक नळी बाहेरची हवा गरम कॉइलपर्यंत आणते आणि दुसरी तीच हवा परत बाहेर टाकते. खोलीतली हवा खोलीतच राहते. असे यंत्र मिळत असेल आणि खिडकीत दोन्ही नळ्यांना जागा असेल, तर थोडी जास्त किंमत मोजणे परवडते.

टनाचा हिशेब

‘टन’ हे यंत्राचे वजन नव्हे. पूर्वी थंडाव्यासाठी बर्फ वापरत; २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे एक टन. तो तासाला १२,००० बीटीयू किंवा सुमारे ३.५ किलोवॅट भरतो.

खोक्यावरचा हा आकडा प्रयोगशाळेतला असतो. आत शिरणारी गरम हवा आणि तापलेली नळी त्यात धरलेली नसते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०१६मध्ये पोर्टेबल एसीसाठी वेगळी चाचणी ठरवली, त्यामुळे तिथे दोन आकडे पाहायला मिळतात. जुन्या मापाने १४,००० बीटीयूचे यंत्र नव्या मापाने अनेकदा ८,००० ते १०,००० बीटीयूच भरते. तिथे भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तुलना करताना लहान आकडा धरावा. भारतातल्या खरेदीतही हीच वजावट मनात ठेवावी. एक टनाच्या एका नळीच्या यंत्राकडून ९० ते १०० चौरस फुटांच्या बंद खोलीपलीकडे अपेक्षा ठेवू नये. वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली किंवा पश्चिमेच्या उन्हात असलेल्या खोलीसाठी ती आणखी खाली आणावी. हॉल आणि स्वयंपाकघर एकत्र असेल, तर या यंत्राचा विचार न केलेला बरा.

घ्यावा कोणी?

पोर्टेबल एसीची किंमत बहुधा एक टनी स्प्लिटच्या जवळपास जाते, वीज जास्त लागते आणि आवाजही मोठा असतो. भिंतीला भोक पाडता येत असेल आणि बाहेरचे युनिट टांगायला जागा असेल, तर स्प्लिटच फायद्याचा. पोर्टेबल एसी उपयोगी पडतो तो अडचणीच्या जागी. घरमालक भिंतीला हात लावू देत नाही, सोसायटीला दर्शनी बाजूस युनिट चालत नाही, दर वर्षी घर बदलावे लागते, किंवा घरातल्या आजारी माणसासाठी दोनतीन महिन्यांपुरतीच सोय हवी आहे, अशा घरांत हे यंत्र कामाचे ठरते.

आवाजाचा विचार मात्र आधीच करावा. कॉम्प्रेसर पलंगापासून पाचसहा फुटांवर गुरगुरत असतो आणि आवाज ५० ते ६० डेसिबलपर्यंत जातो. झोप सावध असलेल्या माणसाने दुकानात यंत्र पूर्ण वेगाने चालवून ऐकावे. घरी खाली जाड रबरी चटई घातली की फरशीतून जाणारी थरथर कमी होते.

खिडकी आणि नळी

यंत्रासोबत येणारी लांब प्लॅस्टिकची पट्टी सरकत्या खिडकीसाठी बनवलेली असते. ॲल्युमिनियमच्या खिडकीचे तावदान थोडे सरकवायचे, मोकळ्या जागेत पट्टी उभी बसवायची आणि तिच्या भोकात नळीचे तोंड अडकवायचे. खरेदीआधी खिडकीची उंची टेपने मोजावी; उंच खिडकीला पट्टी अपुरी पडते. डासांची जाळी नळीच्या तोंडासमोर येत असेल तर ती बाजूला सरकवावी, कारण जाळीने हवा अडते. बाहेरच्या लोखंडी ग्रिलचा सहसा त्रास होत नाही.

जुन्या घरांतल्या गजांच्या, दोन दारांच्या खिडक्यांना ही पट्टी चालत नाही. तिथे एका दाराच्या मापाची प्लायवूड किंवा ॲक्रिलिकची फळी कापून घ्यावी आणि सुताराकडून तीत नळीच्या मापाचे गोल भोक पाडून घ्यावे. युरोपात आत उघडणाऱ्या खिडक्यांसाठी चेन असलेला कापडी पडदा मिळतो. तो चौकटीला चिकटवायचा आणि चेनच्या फटीतून नळी बाहेर काढायची. पद्धत कोणतीही असो, कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवल्या नाहीत तर बाहेर टाकलेली गरम हवा तिथूनच परत येते.

नळी शक्य तितकी आखूड आणि सरळ ठेवावी. जोडनळी लावून ती लांबवू नये. हवा अडली की कॉम्प्रेसर तापतो आणि बंद पडतो. चालू असताना नळीला हात लावला तर ती चांगलीच गरम लागते. दीड मीटरची उघडी नळी शंभर वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता खोलीत परत सोडू शकते. तिच्यावर उष्णतारोधक फोम गुंडाळणे हा स्वस्त आणि लगेच जाणवणारा उपाय आहे. नळीचे तोंड बंदिस्त बाल्कनीत, बाथरूममध्ये किंवा फॉल्स सीलिंगच्या वर सोडू नये.

वीज आणि तापमान

एक टनाचे यंत्र साधारण १ ते १.४ किलोवॅट वीज घेते. त्यासाठी अर्थिंग असलेला १६ अँपियरचा पॉवर प्लग हवा. एक्स्टेन्शन बोर्ड वितळण्याचा धोका असतो, आणि दिवे-पंख्यांपुरता घरगुती इन्व्हर्टर हा भार ओढू शकत नाही. कॉम्प्रेसर न थांबता १.२ किलोवॅटने रोज आठ तास चालला तर महिन्याला सुमारे २९० युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात. त्यामुळे एकट्या यंत्रामुळेही बिल वरच्या टप्प्यात जाऊ शकते.

भारतात १ जानेवारी २०२०पासून तारांकित रूम एसी सुरू होताना २४ अंशांवर असावेत असा नियम आहे. एका नळीच्या पोर्टेबल एसीला १८ अंशांवर लावल्याने खोली लवकर थंड होत नाही. कॉम्प्रेसर फक्त अखंड चालत राहतो. २५ किंवा २६ अंश आणि जोडीला संथ छताचा पंखा हे मिश्रण अंगाला पुरते. दुपारी पडदे ओढून ठेवावेत आणि झोपण्याआधी अर्धा तास यंत्र सुरू करावे.

पाणी, गॅस आणि सावधगिरी

हवेतला ओलावा थंड कॉइलवर जमून पाणी होते. बरीच यंत्रे हे पाणी गरम कॉइलवर उडवून नळीवाटे वाफेच्या रूपात बाहेर घालवतात. कोकणात, मुंबईत किंवा पावसाळ्यात ते पुरे पडत नाही. टाकी भरते आणि यंत्र इशारा देऊन थांबते. पाणी काढायचे बूच जमिनीपासून दोनतीन इंचांवरच असते, त्यामुळे खाली बादली बसत नाही. उथळ परात लागते. रोजचीच कटकट असेल तर बुचाला रबरी नळी लावून ती उतार देत बाथरूमच्या जाळीपर्यंत न्यावी.

एका नळीचे यंत्र खोलीतला दाब कमी करते, हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. लगतच्या बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर त्याचा धूर आणि त्यातला विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात ओढला जाऊ शकतो. गीझर चालू असताना असे यंत्र बंद ठेवावे.

यंत्रात कोणता गॅस आहे हे पाठीमागच्या पट्टीवर लिहिलेले असते. आर-४१०ए हा तापमानवाढीला हातभार लावण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट, आर-३२ सुमारे ६७५ पट, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन अगदी नगण्य. युरोपीय संघाने २०२०पासून अशा फिरत्या यंत्रांत १५० पट किंवा त्याहून अधिक प्रभावाचे एचएफसी गॅस बंद केले, म्हणून तिथे प्रोपेन रुळला. प्रोपेन पेट घेतो; त्यामुळे माहितीपत्रकात दिलेल्या किमान क्षेत्रफळापेक्षा लहान खोलीत असे यंत्र ठेवू नये.

निगा

यंत्र नेहमी उभेच न्यावे. टेम्पोत आडवे आले असेल तर कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर येण्यासाठी माहितीपत्रकात सांगितले असेल तितका वेळ, काही ठिकाणी २४ तासही, ते उभे ठेवून मगच सुरू करावे. भिंतीपासून फूट-दीड फूट अंतर सोडावे. धुळीची जाळी दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. हंगाम संपला की बूच काढून तळाचे सगळे पाणी काढावे, नुसता पंखा काही तास चालवून आतला ओलावा घालवावा, नळी सोडवून तिच्यातली धूळ झटकावी आणि यंत्र उभेच झाकून ठेवावे. ओले ठेवलेले यंत्र पुढच्या मार्चमध्ये पहिल्याच झुळकीबरोबर कुबट वास सोडते.