‘गावठी औषध घेता का?’ : प्रश्न बरोबर असेल तरच उत्तर खरे मिळते

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या विहारात आम्ही महिलांची आरोग्य बैठक घेतली. सुरुवातीलाच विचारले, “पारंपरिक औषधोपचार कोण कोण घेतं?” एकही हात वर झाला नाही. मग प्रश्न बदलला. “लेकराला खोकला झाला तर आधी काय देता?” लगेच अडुळसा, तुळस, हळद-दूध, ओव्याची पुरचुंडी अशी यादी आली. “कावीळ झाली तर?” तिघींनी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता सांगितला. बैठक संपल्यावर एक मावशी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “गुडघ्यासाठी बाजारातून भुकटी आणते. बीपीची गोळीही चालू आहे. डॉक्टरला नाही सांगितलं.”

बायका त्याच, घरे तीच, पण प्रश्न बदलला आणि उत्तर उलटे झाले. एका वस्तीत असे होते, तर जगभरातल्या देशांना हाच प्रश्न विचारताना काय होत असेल?

जागतिक आरोग्य संघटना असा प्रश्न विचारते. तिच्या 2019 च्या अहवालानुसार 194 पैकी 170 सदस्य देशांनी सांगितले की आमच्याकडे लोक पारंपरिक किंवा पूरक उपचार घेतात. त्यासाठी राष्ट्रीय धोरण असलेले देश 1999 पर्यंत फक्त 25 होते, ते 2018 पर्यंत 98 झाले. पण 99 देशांनी एक अडचणही सांगितली : संशोधनाची माहितीच पुरेशी नाही. मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य सभेने 2025 ते 2034 साठी नवे धोरण मंजूर केले. त्यातही भर आहे तो पुराव्यावर आणि सुरक्षिततेवर.

इथे एक गोष्ट समजून घ्या. जागतिक संघटनेच्या या प्रश्नावलीला उत्तर देते ते सरकार. सरकारला माहिती मिळते घरोघरच्या पाहणीतून. आणि ती पाहणी खरी की खोटी, हे ठरते तुमच्या-आमच्या उंबरठ्यावर.

पहिली अडचण शब्दांची. होमिओपॅथी जन्मली जर्मनीत, पण आपल्याकडे ती आयुष मंत्रालयाच्या छत्राखाली येते. आयुर्वेद आपल्याकडे पारंपरिक, तर युरोपात तो बाहेरून आलेला ‘पूरक’ उपचार. चीनमध्ये तिथले पारंपरिक औषध सरकारी दवाखान्यातच मिळते, त्याला ‘पर्यायी’ म्हटले तर तिथल्या माणसाला कळणारच नाही. म्हणून प्रश्नावलीचे नुसते भाषांतर करून भागत नाही.

चांगल्या पाहणीत काम असे चालते. एक जण प्रश्न आपल्या भाषेत आणतो. मूळ प्रश्न न पाहिलेला दुसरा जण तो पुन्हा मूळ भाषेत नेतो. दोन्ही शेजारी ठेवले की अर्थ कुठे सांडला ते दिसते. मग जाणकार बसून दुरुस्ती करतात. शेवटी प्रश्न थोड्या लोकांना विचारून बघतात आणि त्यांनाच पुसतात, “यातून तुम्हाला काय समजलं?” ही शेवटची पायरी वेळ वाचवायला गाळली, तर आमच्या बैठकीसारखे सगळे हात खालीच राहतात.

काळाचेही तसेच. ‘गेल्या 365 दिवसांत’ हे कुणाच्या ध्यानात राहते? पण “मागच्या भीमजयंतीपासून आजपर्यंत” असे विचारले की माणूस आठवून सांगतो.

आपल्या देशात जुलै 2022 ते जून 2023 या काळात राष्ट्रीय नमुना पाहणीने प्रथमच फक्त आयुषवर पाहणी केली. 1,81,298 घरे घेतली. वर्षभरात आयुषचा वापर केलेले लोक ग्रामीण भागात सुमारे 46 टक्के आणि शहरी भागात सुमारे 53 टक्के निघाले. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसे. त्यातल्या किती जणांनी ते आपल्या डॉक्टरला सांगितले असेल?

न सांगण्याचा दोष लोकांचा नाही. दवाखान्यात नोकरीला असताना “कुठला पाला खाऊन आलात?” असे आम्हीही रागावून बोललो आहोत. पुढच्या वेळी ती बाई गप्प बसली. तिचे गप्प बसणे आमच्या कागदावर ‘काही घेत नाही’ म्हणून उतरले.

यात नुकसान आपलेच. बिनलेबलच्या भुकटीत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले सापडते. सांधे दोन दिवस हलके वाटतात, पण बीपी आणि साखर वाढते. त्या मावशींचे बीपी गोळी घेऊनही का उतरत नव्हते, याचा शोध तिथूनच सुरू झाला. हे कागदावर आले नाही, तर अशा भुकटीवर तपासणी बसवा असे सरकारला कोण सांगणार? आणि दुसरी बाजूही आहे. पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे केलेल्या आपल्या सुईणींचे ज्ञान कुणी विचारलेच नाही, तर धोरणात पोथीतल्या वैद्यकालाच जागा मिळेल.

म्हणून पाहणीवाले दारात आले तर एवढे करा :

1. ओळखपत्र मागा आणि माहिती कशासाठी हवी ते विचारा.
2. प्रश्न समजला नाही तर “साध्या भाषेत सांगा” म्हणा. लाजून ‘नाही’ म्हणू नका.
3. काढा, भुकटी, तेल, मालिश, उतरवणे, सगळे सांगा. हेच डॉक्टरांनाही सांगा.
4. घरातल्या बाईचे उत्तर बाईलाच देऊ द्या.

आणि बिनलेबलची भुकटी बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. कावीळ झाली तर उतरवत बसू नका, आधी रक्त तपासून घ्या.